लांब पायांच्या कोळ्याचा पहिला बळी

कोणत्याही जबाबदार कार्यालयाला निदान एका धोक्याची गरज असते. धोका नसेल तर दक्षता कशाबद्दल बाळगायची, आणि दक्षताच बाळगायची नसेल तर दक्षता कक्षाला खोली, खुर्ची आणि पंखा कशासाठी दिला आहे, असा प्रश्न उद्या कोणीही विचारू शकतो.

आमच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची याबाबतीत फार पंचाईत झाली होती. दर महिन्याच्या पाच तारखेला वरिष्ठ कार्यालयाला धोका अहवाल पाठवावा लागतो, आणि आमचा अहवाल सलग अकरा वर्षं 'निरंक' जात होता. लिफ्ट नसल्यामुळे लिफ्टमध्ये कोणी अडकत नव्हतं. नळाला पाणी नसल्यामुळे फरशी निसरडी होत नव्हती. आग विझवायचं लाल नळकांडं होतं, पण त्याचा उपयोग दार उघडं राहावं म्हणून टेकण लावायला होत असे, आणि त्या कामात ते कधीही अपयशी ठरलं नाही. शेवटी वरिष्ठांचं पत्र आलं: 'आपल्या कार्यालयात कोणताही धोका आढळून येत नाही, ही बाब गंभीर असून याबाबत तात्काळ खुलासा सादर करावा.'

साहेबांनी खुलाशासाठी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. चौदाव्या दिवशी धोका सापडला.

तो साहेबांच्या मेव्हण्याने पाठवला. मेव्हणा रोज सकाळी दात घासता घासता साठ-सत्तर लोकांना आरोग्यविषयक माहिती पाठवतो. (त्याचं फर्निचरचं दुकान आहे.) त्या दिवशीची माहिती अशी होती: 'सावधान! जगातला सर्वांत विषारी कोळी तुमच्याच घरात! लांब बारीक पाय, छताच्या कोपऱ्यात उलटा लटकतो. एका थेंबात माणूस खलास! फक्त त्याचे दात इतके आखूड असतात की तो माणसाला चावू शकत नाही. आपल्या माणसांना कळवा.'

मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. त्या अधिकारात सांगते, हा संदेश युक्तिवाद म्हणून फार वरच्या दर्जाचा आहे. साध्या अफवेला कधी ना कधी पुरावा द्यावा लागतो. या अफवेने ती सोय जन्मतःच करून ठेवली आहे. कोणी मेलं तर विष होतं. कोणी मेलं नाही तर दात आखूड होते. कोट्यवधी माणसं रोज त्याच्याखाली झोपून सकाळी धडधाकट उठतात, हासुद्धा त्याच्या भयंकरपणाचाच पुरावा. असा धोका कार्यालयाला शोधूनही मिळत नाही.

त्याच दिवशी साहेब एक जुनं रजिस्टर पाहायला तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात गेले आणि सवय नसताना वर बघितलं. छताच्या चारही कोपऱ्यांत लांब पायांचे कोळी उलटे लटकत होते. साहेबांनी रजिस्टर तिथेच टाकलं, संपूर्ण इमारत रिकामी करवली, आणि आम्ही बत्तीस कर्मचारी रस्त्यावर उभे असताना वरिष्ठांना फोन करून कळवलं की धोका प्राप्त झाला आहे.

अडचण एवढीच होती की आत अजून एक माणूस होता. मामा.

मामा म्हणजे अभिलेख कक्षाचे दप्तरी. गावात कोण कधी जन्मलं आणि कोण कशाने गेलं, त्याची त्रेसष्ट वर्षांची रजिस्टरं त्यांच्या ताब्यात. त्यांना सगळे मामा म्हणत. साहेबसुद्धा, चिडलेले नसतील तेव्हा. एकतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला चार महिने उरलेले. इमारत रिकामी करा म्हणून ओरडा झाला तेव्हा ते शिडीवर उभे राहून फाटलेल्या पानाला खळ लावत होते. "माझं पान वाळू दे, मग येतो," म्हणाले, आणि पान वाळल्यावर आले.

हे कोळी मामांनी पाळले होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते फक्त झाडत नव्हते. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला त्यांनी कोपरा दाखवला होता. "हे बघ पोरी, हे माझे बिनपगारी. डास खातात, चिलटं खातात, दुसरे कोळी आले तर त्यांनाही खातात. रजा मागत नाहीत, मस्टरवर सही करत नाहीत, काम मात्र रोज करतात. ऑफिसात शोभत नाहीत, एवढाच काय तो दोष." मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने जाळ्याला हलकेच स्पर्श केला. कोळी जाळ्यातल्या जाळ्यात इतक्या वेगाने गरगर हलायला लागला की दिसेनासा झाला. "घाबरला बिचारा," मामा म्हणाले. प्राणिशास्त्राचं याबाबतीत मामांपेक्षा वेगळं मत नाही.

दुसऱ्या दिवशी मामांना नोटीस मिळाली: 'आपण आपल्या ताब्यातील कक्षात प्राणघातक जीवास एकतीस वर्षे आश्रय दिला. आपणास सेवेतून कमी का करण्यात येऊ नये?' त्याच दिवशी कोळी धोका निर्धारण समिती नेमण्यात आली. अध्यक्ष साहेब, सचिव हेडक्लार्क बाई, आणि तज्ज्ञ सदस्य मी. (मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. ऑफिसात मला सगळे 'सायन्स' म्हणतात.)

समितीपुढचा प्रश्न सरळ होता. कोळी निरुपद्रवी ठरला, तर साहेबांनी बत्तीस माणसं उगाच उन्हात उभी केली असं होणार. कोळी प्राणघातक ठरला, तर मामांची नोकरी जाणार. म्हणजे एका बाजूला एका माणसाची अब्रू आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाची नोकरी होती, आणि दोघांपैकी एकच जण समितीचा अध्यक्ष होता.

मी माझं म्हणणं मुद्देसूद मांडलं. हा कोळी माणसाला धोकादायक नाही. त्याचं विष माश्या-डासांपुरतं आहे. त्याचे दात पाव मिलिमीटरचे असतात आणि आपली वरची कातडी बहुतेक ठिकाणी त्याहून पातळ असते. तेव्हा तो चावूच शकत नाही हेही खरं नाही. चावू शकतो, पण चावून काही होत नाही. शिवाय लोक लांब पायांवरून ज्यांना एकच समजून भितात ते तीन वेगळे प्राणी आहेत. एक हा. दुसरा बागेत पालापाचोळ्यात फिरतो. त्याचं सगळं अंग एका मण्यासारखं असतं, तो मुळात कोळीच नाही आणि त्याला विषच नसतं. तिसरा मोठ्या डासासारखा दिसणारा उडता किडा, तो चावतही नाही.

बाईंनी इतिवृत्तात लिहिलं: 'सदर धोका तीन प्रकारचा असून त्यांपैकी एक उडतो, असे तज्ज्ञ सदस्यांनी निदर्शनास आणले.'

मग मी प्रयोग केला. अभिलेख कक्षातून एक कोळी काचेच्या ग्लासात आणला, ग्लास माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला उपडा धरला आणि कोळ्याला बराच वेळ त्रास दिला. चौथ्या प्रयत्नात तो नाइलाजाने चावला. आठ सेकंद किंचित चुरचुरलं. मी वेळ घड्याळावर मोजून सांगितली. साहेबांनी खुर्ची भिंतीला लागेपर्यंत मागे नेली होती. इतिवृत्त: 'बैठक सुरू असताना कोळ्याने समितीवर हल्ला केला. एक सदस्य थोडक्यात बचावल्या.'

तिसरं साधन होतं ते आकडेवारीचं. त्रेसष्ट वर्षांच्या मृत्यू रजिस्टरांतून 'मृत्यूचे कारण' हा रकाना तपासायचं ठरलं. मामा आणि मी नऊ दिवस बसलो. जिन्यावरून पडून: ४१. कपाट अंगावर पडून: २. मधमाश्या चावून: ३. खुर्चीवरून मागे पडून: ४. नवऱ्याशी बोलता बोलता: १. (त्या काळचे नोंदणी कारकून सविस्तर लिहीत.) कोळी चावून: ०.

शून्य बघून समिती अस्वस्थ झाली.

"एकही नाही?" बाई म्हणाल्या. "असं कसं होईल? त्रेसष्ट वर्षांत एखादा तरी मरायला हवा होता. दडपलेलं दिसतंय."

"किंवा सांगायला कोणी उरलं नसेल," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, खुर्चीवरून चार जण गेलेत."

"खुर्ची आपली आहे," साहेब म्हणाले.

शेवटी मामांची साक्ष झाली. ते टोपी हातात धरून दाराशी उभे राहिले.

"एकतीस वर्षांत तुम्हाला किती वेळा चावला?"

"एकदाही नाही साहेब."

"म्हणजे संधीची वाट बघतोय."

"मग त्याला म्हणावं आटप," मामा म्हणाले. "माझे चारच महिने राहिलेत."

मी हसले. हसणारी मी एकटीच होते, ते इतिवृत्तात आलं.

"तो हलतो कशाला मग, जवळ गेलं की?" बाईंनी विचारलं.

"घाबरतो म्हणून. आमची मुलगी लहानपणी अंधारात अशीच हलायची."

इतिवृत्त: 'आक्रमणापूर्वी कोळ्यास तीव्र कंप सुटतो, हे अपचारी कर्मचाऱ्याने मान्य केले.'

अहवालाचा नमुना वरिष्ठांकडून छापील आला होता. त्यात तज्ज्ञ सदस्याने भरायचा रकाना एकच: 'जीव विषारी आहे काय? होय / नाही.' मी अर्धा तास विचार केला. कोळ्याला विष असतं. 'नाही' लिहिणं शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं झालं असतं, आणि शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं मी काही लिहीत नाही. मी 'होय' लिहिलं. मग ते विष माणसाला का लागत नाही याचा दीड पानांचा खुलासा वेगळ्या कागदावर लिहून टाचणीने जोडला. नमुन्यात खुलाशाला जागा नव्हती. टाचणीलाही नसावी, कारण वरिष्ठांकडे अहवाल पोचला तेव्हा तिथे फक्त दोन भोकं होती.

अहवाल मंजूर झाला. कोळी अधिकृतरीत्या विषारी ठरला. साहेब मनाने वाईट नाहीत. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, "मामा, आपण काय तुमच्या पोटावर पाय आणणार नाही. खोली फवारून घ्या, कोळी साफ करा, नोटीस मागे घेतो. विषय संपला."

बंद खोलीत औषध फवारायचं तर ते कर्मचाऱ्यांना निरुपद्रवी असल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते समितीने त्याच दिवशी देऊन टाकलं. "ए सायन्स, इथेपण एक सही." मी केली. औषध अजून खरेदी व्हायचं होतं, त्यामुळे त्यात कोणताही दोष आढळला नाही.

चार दिवसांनी फवारणीवाला डबा आणि पंप घेऊन आला. खोलीत एक चक्कर मारून बाहेर आला.

"खिडक्या उघडायला लागतील. मला मास्क लागेल. आणि दोन दिवस कोणी आत जायचं नाही."

"अभिलेख कक्षाच्या खिडक्या उघडायला मनाई आहे," बाई म्हणाल्या. "रजिस्टरांना हवा लागते."

"बाई, डब्यावर कवटी आहे."

बाईंनी डबा फिरवून बघितला. कवटी होती. कार्यालयात आलेल्या प्रत्येक वस्तूवर आवक क्रमांकाची चिठ्ठी लावायची असते, ती त्यांनी नेमकी तिथेच चिकटवली. "आता?"

"मला घरी तीन लेकरं आहेत," फवारणीवाला म्हणाला आणि पंप ठेवून निघून गेला. (त्याचं नाव काळ्या यादीत टाकण्यात आलं आहे.)

मग मामांनी पंप उचलला. मी जिन्यात आडवी आले.

"मामा, थांबा. मी लिहून देते त्यांना."

"तुझं लिहिणं फार लांब असतं गं," मामा म्हणाले. "चार महिन्यांसाठी कशाला भानगड? चार पिचकाऱ्या मारतो आणि मोकळा होतो."

खोली मोठी होती. मामांनी तोंडाला पंचा बांधून, दारं-खिडक्या नियमानुसार बंद ठेवून, तीन दिवस फवारणी केली. पहिल्या दिवशी कोळी पडले. फरशीवर पाय आवळून पडलेला कोळी सुतळीच्या तुकड्यासारखा दिसतो. मामांनी ते वेचून एका पाकिटात भरले आणि पाकिटावर संख्या लिहिली: ५७. दुसऱ्या दिवशी त्यांना उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ते वर आले तेव्हा शर्ट घामाने चिंब होता, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या आणि हात थरथरत होते. पेन्सिल धरता येईना.

"साहेब, हे औषधाचं आहे," मी म्हटलं. "ताबडतोब दवाखान्यात न्या आणि डबा सोबत द्या."

साहेबांनी आधी छताकडे बघितलं. मग मामांच्या हातांकडे. "कंप सुटलाय," ते म्हणाले. "चावला. मी म्हणत नव्हतो?"

मामांना रिक्षातून पाठवलं. सोबत डबा गेला नाही, कारण तो जावक नोंदवहीत चढवावा लागला असता आणि जावक कारकून जेवायला गेला होता. सोबत अहवालाची प्रत गेली आणि साहेबांच्या सहीची चिठ्ठी: 'विषारी कोळी चावला आहे.' डॉक्टरांनी अर्धा दिवस मामांच्या अंगावर चावल्याची खूण शोधली. मी सोबत गेले नाही. मी माझा दीड पानांचा खुलासा शोधत होते, त्याची कच्ची प्रत कुठेतरी होती. संध्याकाळी ती सापडल्यावर मी डब्यावरची चिठ्ठी नखाने खरवडली, खालचं नाव वाचलं आणि दवाखान्यात फोन केला. पलीकडची परिचारिका म्हणाली, "हे दुपारी सांगितलं असतंत तर याच्यावर इंजेक्शन असतं."

पाचव्या दिवशी मामांची मुलगी आमच्या खिडकीवर आली. मृत्यूची नोंद करायला दुसरीकडे कुठे जाणार? तिच्या हातात दवाखान्याचा कागद होता. त्यावर कारण लिहिलं होतं, 'विषबाधा'. कशाची, ते ज्या कार्यालयात घडलं त्याने नमूद करावं, असा नियम आहे.

"फवाऱ्याची," मुलगी म्हणाली.

"ताई, फवारा निरुपद्रवी आहे," बाई मृदू आवाजात म्हणाल्या. "हे बघा प्रमाणपत्र. तिघांच्या सह्या आहेत."

"मग माझे बाबा कशाने गेले?"

बाईंनी फाइल उघडली. कार्यालयाच्या आवारात दप्तरी नोंद असलेलं विष एकच होतं, आणि ते अहवालात तज्ज्ञ सदस्याच्या अक्षरात 'होय' असं प्रमाणित केलेलं होतं. कागदांवरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता. मी स्वतः दोनदा तपासून पाहिलं. तर्कात कुठे चूक नव्हती.

"तुमच्याकडे विज्ञान शिकलेलं कोणीच नाही का हो?" मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या करारातले नऊ महिने झाले होते. मी रजिस्टर पुढे ओढलं, रकान्यात 'कोळी चावून' असं लिहिलं आणि खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. खुलासा जोडला नाही; मामा म्हणाले होते तेच बरोबर, माझं लिहिणं फार लांब असतं.

मुलीने दाखला दोनदा वाचला. "बाबा यांना बिनपगारी म्हणायचे," ती म्हणाली, आणि रांगेतला पुढचा माणूस पुढे सरकला. त्याच्याकडे जन्म होता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. कोळ्यामुळे होणारे मृत्यू आमच्या हद्दीत शून्यावरून एकवर गेले. ही वाढ टक्क्यांत मांडता येत नाही, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी 'टक्क्यांत मावणार नाही इतकी वाढ' असं लिहून पाठवलं. धोका ओळखण्यातल्या तत्परतेबद्दल कार्यालयाला प्रशस्तिपत्र मिळालं. मामांवरची नोटीस दिलेल्या शब्दाप्रमाणे मागे घेण्यात आली. माझा करार वाढला. सत्तावन्न मेलेल्या कोळ्यांचं पाकीट पुरावा म्हणून कपाटात आहे. अभिलेख कक्षात डास फार झालेत, म्हणून तिथे दर शनिवारी फवारणी होते. नवा दप्तरी तरुण आहे, हल्ली थोडा खोकतो.

आता मूळ प्रश्न. लांब पायांचा घरगुती कोळी आणि त्याची भावंडं माणसाला धोकादायक आहेत का? नाहीत. हे मी वर स्पष्ट लिहिलेलं आहे, मनगटावर करून दाखवलेलं आहे, आणि तुम्हीही ते वाचलेलं आहे.

पण तुम्ही त्याआधी शीर्षक वाचलंत. म्हणून कधीतरी घरातलं कोणी छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवेल तेव्हा तुम्हाला पाव मिलिमीटर आठवणार नाही, आठ सेकंद आठवणार नाहीत, आणि डब्यावरची कवटी तर मुळीच नाही. तुम्ही झाडू शोधाल आणि म्हणाल, "अगं बाई, जपून. याच्याने एका ऑफिसात माणूस गेला होता. मी कुठेतरी वाचलंय."

खात्री करून घ्यायची असेल तर कामाच्या वेळेत या. नोंद आहे.